ईसीयूच्या हिशेबात गाडी अजून मूळचीच आहे : इंजिन कोडच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४

गाडी २००२ सालची. चार सिलिंडर, १.८ लिटर, टर्बो पेट्रोल. आधीच्या मालकाने हौसेने बरंच काही बदललेलं आहे. जाड इनटेक पाइप आणि त्याच्या तोंडाशी कोन फिल्टर, हवा थेट बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, हलकं फ्लायव्हील, मोठा एक्झॉस्ट, मोकळ्या जाळीचा कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), डॅशबोर्डवर बूस्ट (टर्बोचा दाब) आणि ऑइल प्रेशरचे गेज. ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा संगणक; त्याचा रिमॅप, म्हणजे आतल्या तक्त्यांत (मॅपमध्ये) बदल, केलेला नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं आणि ईसीयूमधल्या सॉफ्टवेअरचा क्रमांकही मूळचाच निघाला.

हे शेवटचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. कारखान्यात मॅप भरला त्या दिवशीची गाडी ईसीयूला ठाऊक आहे. आज बॉनेटखाली काय आहे ते त्याला कोणी सांगितलेलंच नाही. त्यामुळे प्रत्येक कोडला आधी एकच प्रश्न विचारायचा: ईसीयूला काय अपेक्षित होतं आणि त्याला काय दिसलं?

तक्रार अशी. चेक इंजिनचा दिवा कायम पेटलेला. तिसऱ्या गिअरमध्ये जोरात खेचलं की तो लुकलुकतो आणि गाडी धक्के देते. पेटलेला दिवा सवडीने बघता येतो, लुकलुकणारा नाही. लुकलुकण्याचा अर्थ मिसफायर (सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणं) इतके होताहेत की न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतंय आणि कॅट वितळू शकतो. म्हणून निदान होईपर्यंत बूस्टमध्ये गाडी खेचायची नाही.

स्कॅनर लावला तर तो चालूच होईना. सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा थेट पुरवठा लागतो, ४ आणि ५ अर्थच्या (अर्थिंगच्या). १६ वर शून्य व्होल्ट. बऱ्याच गाड्यांत हा पुरवठा सिगारेट लायटरच्या फ्यूजवरून येतो, इथेही तसंच होतं, आणि गेजचं कनेक्शन त्याच वायरला जोडलेलं होतं. गेजच्या उघड्या जोडाने फ्यूज उडवला होता. गेजला स्वतंत्र फ्यूज देऊन वायर वेगळी केली. जुन्या मॉडिफाय केलेल्या गाडीत स्कॅनर जोडला जात नसेल तर स्कॅनरला किंवा ईसीयूला दोष देण्याआधी ही पिन मोजावी.

मग कोड मिळाले: पी०१७१, पी०३००, पी०३०३, पी०४२०, पी०५६२. म्हणजे क्रमाने, मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी); कुठल्याही सिलिंडरला मिसफायर; तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर; कॅटची कार्यक्षमता कमी; सिस्टिमचं व्होल्टेज कमी. ‘पी’नंतरचा पहिला आकडा शून्य असल्यामुळे हे सगळे कोड सर्व कंपन्यांना समान आहेत. तिथे १ असता तर अर्थ त्या त्या कंपनीच्या यादीत शोधावा लागला असता.

फ्रीझ फ्रेम (कोड लागला त्या क्षणाचे साठवलेले आकडे) पी०१७१ ची आहे. आरपीएम ८२०, वेग शून्य, पाणी ९० अंश, शॉर्ट टर्म ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली टक्क्यांतली दुरुस्ती) +४, लाँग टर्म +२०. हे आकडे वहीत उतरवले, स्क्रीनचा फोटोही काढला. कोड अजून पुसलेले नाहीत. पुसण्याचं बटण कोडबरोबर फ्रीझ फ्रेम, शिकलेले ट्रिम आणि तपासण्या पूर्ण झाल्याच्या खुणा असं सगळंच घेऊन जातं. बॅटरीची वायर काढली तरी बहुतेक जुन्या गाड्यांत तेच होतं. पुरावा लिहून झाल्याशिवाय त्या बटणाकडे जायचं नाही.

६ ऑक्टोबर

सुरुवात पी०५६२ पासून. बाकीच्या कोडच्या मानाने हा किरकोळ वाटतो आणि म्हणूनच लोक त्याला शेवटी घेतात. मला ते उलटं वाटतं. ईसीयू, सेन्सर, कॉइल, इंजेक्टर सगळे याच विजेवर जगतात. ती ठीक नसेल तर बाकीचं प्रत्येक मोजमाप संशयास्पद.

इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्ट, म्हणजे बरी. इंजिन चालू करून हेडलाइट, रेडिएटरचा फॅन आणि ब्लोअर तिन्ही लावले. बॅटरीच्या दोन टोकांत ११.९. इथे सगळे अल्टरनेटर बदलायला धावतात. मी मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या आउटपुटच्या नटावर आणि दुसरं त्याच्याच बॉडीवर धरलं: १४.१. अल्टरनेटर आपलं काम चोख करतोय, पण त्याची वीज बॅटरीपर्यंत पोचत नाहीये. मग वाटेत पाणी कुठे मुरतंय ते शोधायचं. आउटपुटपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत ०.३. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत १.९. सापडलं.

या मोजणीचं मला फार कौतुक आहे. वायरचा रेझिस्टन्स ओहममध्ये मोजला तर मीटर तिला सहज पास करतो, कारण एकच तार शाबूत असली तरी मीटरच्या इवल्याशा करंटला ती पुरते. करंट वाहत असताना दोन टोकांतलं व्होल्टेज मोजलं की लपायला जागा उरत नाही.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी एका नव्या ब्रॅकेटवर कसलेली होती आणि त्या ब्रॅकेटला झकास पावडर कोटिंग होतं. बोल्टच्या आट्यांतून जेवढा काय संपर्क होईल तेवढाच. कोटिंग घासून उघडं लोखंड काढलं, पट्टीची टोकं साफ केली, कसली, वरून ग्रीस लावलं. शिवाय बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकला एक जाड वायर सरळ दिली. पुन्हा तीच मोजणी: ०.०८.

याचा लीन मिश्रणाशीही थोडा संबंध आहे. व्होल्टेज कमी असलं की इंजेक्टरची सुई उशिरा उघडते. ईसीयू स्वतःला दिसणाऱ्या व्होल्टेजवरून तो उशीर भरून काढतो, पण इंजेक्टरला प्रत्यक्षात त्याहून कमी मिळत असेल तर भरपाई अपुरी पडते. कॉइलचंही तसंच: चार्ज कमी, ठिणगी अशक्त. म्हणूनच विजेचा कोड आधी.

सगळं नोंदवून झालं आहे, म्हणून आता कोड पुसले.

१२ ऑक्टोबर

आठवडाभर शांतपणे चालवली. पी०५६२ परत आलेला नाही. पी०१७१ आधी पेंडिंगमध्ये आला आणि नंतर दिवा लावून बसला. असे कोड सहसा लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दोष दिसला तरच पक्के होतात, त्यामुळे पेंडिंगची यादी बघत राहिलं तर दिवा लागण्याआधीच कळतं.

आज लाइव्ह डेटा घेतला. या गाडीचा डेटा ७ नंबरच्या पिनवरच्या के-लाइनने येतो, आणि ती सेकंदाला १०,४०० बिट इतकीच चालते. स्क्रीनवर वीस गोष्टी मांडल्या तर प्रत्येक आकडा शिळा होऊन येतो. मी चारच घेतल्या: आरपीएम, हवेचा प्रवाह, शॉर्ट टर्म, लाँग टर्म.

दोन्ही ट्रिमची बेरीज अशी. आयडलला +२४. जागेवर उभं राहून २५०० आरपीएमला +१९. रस्त्यावर एकसारख्या वेगात +१८. बूस्टमध्ये न जाता चढावर, तरीही +१८.

ट्रिम अधिक म्हणजे ईसीयू आपल्या हिशेबापेक्षा तेवढं टक्के पेट्रोल जास्त घालतोय, कारण ऑक्सिजन सेन्सर त्याला लीन सांगतोय. आता या आकड्यांचा आकार बघायचा. व्हॅक्यूमची गळती असेल तर आयडलला ट्रिम खूप असतो आणि रेस वाढवली की जवळजवळ शून्यावर येतो, कारण गळतीची हवा तेवढीच राहते आणि एकूण हवा वाढते. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर थकला असेल तर उलट, भार वाढेल तसा ट्रिम वाढतो. इथे दोन थर दिसतात. सगळीकडे सारखा १८ टक्क्यांचा पाया, आणि आयडलला त्यावर सहाएक टक्क्यांची भर. दोन कारणं, एक कोड. यातलं एकच सापडलं तर दिवा विझेल आणि दुसरं आतच राहील.

ऑक्सिजन सेन्सर खोटं बोलत नाही ना, हेही पाहून घेतलं. थ्रॉटलच्या तोंडाशी थोडा प्रोपेन सोडला, सेन्सर लगेच ०.९ व्होल्टकडे गेला. बंद केला, खाली आला. सेन्सरच्या आधीच्या जोडांवर एक्झॉस्टची गळती नाही. तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली असती तर मिश्रण नीट असूनही लीन दिसलं असतं.

१३ ऑक्टोबर

आधी आयडलची जास्तीची भर.

इनटेकमध्ये अर्ध्या पीएसआयच्या आसपास दाबाने धूर भरला. नळ्यांचे जोड, इनटेक मॅनिफोल्डचा गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी, बूस्ट गेजचा टी, सगळीकडे टॉर्च मारून बघितलं. कुठेच धूर नाही. मग मॉडिफिकेशनची यादी पुन्हा वाचली आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्हपाशी थांबले. हा व्हॉल्व्ह मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमने उघडतो. धूर भरताना इंजिन बंद, व्हॅक्यूम नाही, त्यामुळे तो घट्ट मिटलेला. तपासणीच्या वेळी गळतीच अस्तित्वात नव्हती.

इंजिन चालू केलं, गरम होऊन आयडलला बसू दिलं, आणि टिश्यू पेपरचा पातळ तुकडा व्हॉल्व्हच्या तोंडाजवळ नेला. तुकडा हातातून ओढला गेला आणि जाळीला चिकटून फडफडत राहिला. तोंडावर तळवा ठेवला तर आरपीएम किंचित हलले आणि स्क्रीनवरचा शॉर्ट टर्म ट्रिम डोळ्यांदेखत उतरायला लागला. तळवा काढला, पुन्हा चढला. व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ आहे, म्हणून आयडलच्या व्हॅक्यूमने तो अर्धवट उघडा राहतो आणि मॅफ सेन्सरला (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरला) वळसा घालून न मोजलेली हवा आत येते.

बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची दुसरी अडचण याच गाडीत स्पष्ट दिसते. मॅफ सेन्सरच्या गाडीत टर्बोपर्यंत गेलेली हवा आधीच मोजलेली असते. गिअर बदलताना ती बाहेर फेकली की ईसीयू मात्र तिच्यासाठी पेट्रोल टाकून मोकळा होतो. क्षणभर मिश्रण रिच, एक्झॉस्टमध्ये फट् असा आवाज, टेलपाइपला काजळी. आवाज हौशीला बरा वाटतो, कॅटला नाही.

हवा पुन्हा इनटेकमध्ये परतवणारा, मूळ रचनेचा व्हॉल्व्ह बसवला. त्याची नळी मॅफ आणि टर्बो यांच्या मधोमध जोडली. आयडलचा ट्रिम आता +१८.

१९ ऑक्टोबर

आज १८ टक्क्यांच्या पायाचा उलगडा झाला, आणि या सगळ्या कामातला हा मला सर्वांत आवडलेला भाग.

मॅफ सेन्सरमधली तापलेली तार तिच्यावरून जाणाऱ्या हवेने गार होते. तिला ठरावीक तापमानावर ठेवायला किती करंट लागतो त्यावरून हवा मोजली जाते. पण तार पाइपच्या मधल्या एका छोट्या जागेतलीच हवा बघते. संपूर्ण पाइपमधून किती ग्रॅम गेले हे ईसीयूच्या तक्त्यात असतं, आणि तो तक्ता मूळ घराच्या (सेन्सर बसतो त्या नळीच्या) व्यासासाठी बनवलेला असतो. मूळ घर आतून ७० मिलिमीटर. लावलेल्या पाइपला व्हर्निअर लावला: ७६. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. ७० चा वर्ग ४९००, ७६ चा ५७७६. भागाकार १.१८.

म्हणजे तेवढीच हवा जाड पाइपमधून हळू जाते, तारेला कमी भासते, आणि ईसीयूला खऱ्या ११८ ग्रॅमच्या जागी १०० कळतात. पेट्रोल १०० चं पडतं, ऑक्सिजन सेन्सर लीन ओरडतो, ट्रिम +१८ वर जाऊन बसतो. आकडा इतका तंतोतंत जुळला की मी तो दोनदा करून बघितला. अनेक गाड्यांत ट्रिम पंचविशीच्या आसपास गेला की पी०१७१ लागतो. एकट्या पाइपने ती रेघ ओलांडली नसती. व्हॉल्व्हच्या गळतीने ती ओलांडायला लावली.

इथे एक गोष्ट ठासून लिहिते, कारण ‘ट्रिम भरून काढतोय ना, मग चालू दे’ असं अनेकदा ऐकू येतं. ट्रिम फक्त पेट्रोल भरून काढतो. हवेच्या त्याच आकड्यावरून ईसीयू इंजिनवरचा भारही काढतो, आणि भारावरून ठिणगीची वेळ. हवा १८ टक्के कमी दिसली तर भार कमी दिसतो, आणि कमी भाराला ठिणगी जास्त आगाऊ दिली जाते. टर्बो इंजिनला बूस्टमध्ये जास्त आगाऊ ठिणगी म्हणजे नॉकिंग, मिश्रणाचा काही भाग स्फोटासारखा आपोआप पेटणं. कंपनीच्या खास डेटात नॉकमुळे मागे घेतलेली ठिणगी बघितली होती, मध्यम भारालाच दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरला पाच-सहा अंश. पिस्टनच्या कडा आणि रिंगा अशाने जातात. दिवा पुसून हे थांबत नाही, नवा ऑक्सिजन सेन्सर लावूनही नाही. जखम मांडीला, मलम शेंडीला.

उपाय दोन. एक, नव्या व्यासाप्रमाणे मॅपमधला मॅफचा तक्ता बदलून घेणं. दोन, मूळ घर परत बसवणं. मी दुसरा घेतला. या टर्बोच्या ताकदीला ७० मिलिमीटरचं घर पुरतं, आणि मूळ तक्ता कारखान्याने बेंचवर मोजून बनवलेला आहे, त्याची बरोबरी मी रस्त्यावर करणार नाही. जुन्या गाडीचं घर मिळालं, त्यात हवेचे भोवरे मोडणारी जाळीही शाबूत होती. फिल्टर आणि घर यांच्यात सरळ नळीचा तुकडा ठेवला, कारण वळणानंतर लगेच सेन्सर आला तर हवा एका बाजूला झुकते आणि आकडा अस्थिर होतो. तारेवर तेलाचा थर होता. तेल लावलेल्या कापडी फिल्टरमधून ते उडून येतं. मॅफ क्लीनरने धुतली, पूर्ण वाळू दिली, फिल्टर कोरड्या कागदाचा लावला.

आयडलला हवेचा प्रवाह सुरुवातीला सेकंदाला २.० ग्रॅम दिसायचा, आता २.५. ट्रिम सगळीकडे +१ ते +३ मध्ये. नॉकसाठी मागे घेतलेली ठिणगी शून्य ते दीड अंश.

२६ ऑक्टोबर

पी०३०३.

कॉइल तिसऱ्यावरून दुसऱ्यावर नेला. मिसफायर तिसऱ्यावरच राहिले, म्हणजे कॉइल निर्दोष. प्लग काढले. चौघांची गॅप १.१ मिलिमीटर, टर्बोला जास्त आहे. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. ०.७ वर आणून बसवले. बाकी तीन सिलिंडरांतली अधूनमधूनची मिसफायर गेली, तिसऱ्याची कमी झाली पण गेली नाही. इंजेक्टर चौघे १२ ते १६ ओहमच्या आत आणि एकमेकांसारखे. कम्प्रेशन चौघांचं अर्ध्या बारच्या फरकात. यांत्रिक काही नाही.

उरली वायर. वायरिंगचं काम करणारा मित्र ऑसिलोस्कोप घेऊन आला होता. त्याने स्कोप लावण्याआधी विचारलं, “तिसऱ्याच्या कनेक्टरला पिन घालून बघितलीस?” त्याच्याकडे प्रत्येक मापाच्या नर पिनेचा सुटा नमुना असतो. तो एकेका मादी टर्मिनलमध्ये घालून ओढून बघायचा, किती पकड आहे. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या कनेक्टरमध्ये पिन ओढताना बोटांना अडकल्यासारखं जाणवत होतं. तिसऱ्याच्या अर्थच्या टर्मिनलमध्ये पिन आपल्या वजनानेच घसरून बाहेर आली. कधीतरी कोणीतरी मीटरचं जाड टोक समोरून खुपसून मोजलं असणार. टर्मिनलची पात फाकते, उभ्या गाडीत संपर्क राहतो, आणि बूस्टमध्ये इंजिन हललं की तुटतो.

टर्मिनल चिमट्याने दाबून चालवण्यात अर्थ नाही, पात मऊ झालेली असते. नवं टर्मिनल वायरला क्रिंप केलं, कनेक्टरचं सीलही बदललं. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर पूर्ण बूस्ट: धक्का नाही, दिव्याची लुकलुक नाही, तिसऱ्याचे मिसफायर शून्य. मोजताना नेहमी वायरच्या मागच्या बाजूने पातळ पिन सरकवावी, हे कनेक्टर बघून पुन्हा पटलं.

२ नोव्हेंबर

पी०३०० पेंडिंगमध्ये आला. हा वेगळा आहे. गाडीत काहीही जाणवत नाही. फ्रीझ फ्रेम नाही, कारण दिवा लागलेला नाही. म्हणून कंपनीच्या डेटातले चार सिलिंडरांचे आकडे रेकॉर्ड केले. चौघेही जवळपास सारखे वाढतात आणि फक्त एकाच परिस्थितीत: ३५०० ते ४५०० आरपीएम, पाय अलगद ठेवलेला, रस्ता खडबडीत. जोरात खेचलं की एकही नाही. खरा मिसफायर सहसा असा वागत नाही, तो भार आला की वाढतो.

ईसीयू मिसफायर ऐकत नाही, तो क्रँकच्या वेगातले चढउतार मोजतो. क्रँकच्या चाकावर साठ दातांची जागा, त्यातले दोन गाळलेले. प्रत्येक दात किती वेळाने आला ते बघून, एखाद्या सिलिंडरने धक्का द्यायला हवा होता तेव्हा क्रँक मंदावला का, हे ठरतं. किती मंदावला तर मिसफायर म्हणायचा ही मर्यादा मूळ, जड फ्लायव्हीलच्या जडत्वावर बेतलेली. हलक्या फ्लायव्हीलला तोच खडबडीत रस्ता आणि तेच हलके धक्के जास्त हलवतात. मित्राच्या स्कोपवर क्रँक सेन्सरची लहर सरळ आणि एकसारखी होती, दात शाबूत, सेन्सर आणि चाकातलं अंतर समान. सेन्सर बदलायचं कारण नाही.

फ्लायव्हील बदललं की दातांच्या बारीक फरकांची ईसीयूची जुनी शिकवण लागू राहतेच असं नाही, म्हणून स्कॅनरमधून क्रँकची नव्याने ओळख करून दिली. आकडे निम्म्याहून कमी झाले. मर्यादा वाढवून घेणं मॅपमध्ये शक्य आहे, पण मर्यादा वाढवली की उद्या खरा मिसफायरही उशिरा कळेल. क्लचचं काम येईल तेव्हा मूळ वजनाचं फ्लायव्हील बसवेन. तोवर दर आठवड्याला पेंडिंग यादी बघायची आणि चौघांपैकी एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा पळतोय का तेवढं पाहायचं.

१० नोव्हेंबर

पी०४२०. शेवटी ठेवला, कारण वरचं सगळं दुरुस्त झाल्याशिवाय कॅटचा न्याय करता येत नाही. रिच मिश्रण, मिसफायर आणि गळती, प्रत्येक गोष्ट कॅटला नापास करू शकते.

पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ मध्ये झपाझप वरखाली होतो, व्हायलाच हवा. चांगल्या कॅटच्या मागचा सेन्सर जवळजवळ सपाट राहतो, कारण कॅट ऑक्सिजन साठवून आणि सोडून ते हेलकावे गिळतो. इथे मागचा सेन्सर पुढच्याची थोडी मंद नक्कल करत होता. एक्झॉस्टमध्ये धूर भरल्यावर मागच्या सेन्सरच्या अलीकडच्या फ्लँजमधून बारीक रेघ निघाली. गॅस्केट बदलला. नक्कल कमी झाली, थांबली नाही.

कॅट खाली घेऊन टॉर्चने बघितला. जाळीचा एक भाग वितळून मिटलेला, बाजूला झिलई आलेली. शिवाय मोकळ्या जाळीच्या कॅटमध्ये मुळातच आतला पृष्ठभाग कमी, ऑक्सिजन साठवण कमी, आणि ईसीयूची अपेक्षा मूळ कॅटची.

यावर दोन सोपे मार्ग सुचवले गेले: मागच्या सेन्सरखाली स्पेसर लावून तो धुरापासून लांब न्यायचा, किंवा मॅपमधून ही तपासणीच बंद करायची. दोन्ही मला मान्य नाहीत. त्याने हवा साफ होत नाही, अनेक ठिकाणी ते बेकायदा आहे, आणि पुढे मिश्रण बिघडलं तर सांगणारा एक डोळा कायमचा जातो. मूळ दर्जाचा कॅट मागवला.

२४ नोव्हेंबर

कॅट बसला. कोड पुसले, म्हणजे सगळ्या तपासण्या पुन्हा अपूर्ण झाल्या. कोड नाहीत म्हणजे गाडी ठीक, असं या अवस्थेत म्हणता येत नाही, ईसीयूने अजून तपासलेलंच नसतं. थंड इंजिनापासून सुरुवात, थोडा आयडल, एकसारख्या वेगाचा लांब पट्टा, पाय काढून उतार, असं चालवत राहिले. मिसफायर आणि इंधनाची तपासणी सतत चालूच असते. मग ऑक्सिजन सेन्सर आणि त्यांचे हीटर पूर्ण झाले, कॅट सर्वांत शेवटी. पास. मागचा सेन्सर ०.६ ते ०.७ च्या मध्ये संथ.

फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवला आहे. पुढे या गाडीला जो हात लावेल त्याने स्कॅनर जोडण्याआधी तो वाचावा. त्यावर लिहिलं आहे: मॅप मूळचा. मॅफचं घर मूळ, ७० मिलिमीटर. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह परतवणारा. फ्लायव्हील हलकं, पी०३०० पेंडिंग दिसल्यास आधी चारही सिलिंडरांचे आकडे बघणे. प्लग गॅप ०.७. गेजचा फ्यूज वेगळा. गरम आयडलला हवा २.५ ग्रॅम, एकूण ट्रिम +२, सगळे दिवे लावून बॅटरीवर १३.९ व्होल्ट.